एक कलम गेलं, पुढं काय?

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. त्यासाठीची लढाई कुठे कुठे लढली गेली आणि धाराशिवसारख्या जिल्ह्यात राहणाऱ्या पोराच्या हातात त्यातून नेमकं काय पडलं?

माझा एक मित्र आहे. नाव छापायचं नाही आणि तालुकाही लिहायचा नाही, या अटीवर त्याने हा लेख लिहू दिलाय. एवढंच सांगते की तो आपल्याच जिल्ह्यातला आहे, कॉलेजात मला दोन वर्षं सीनियर होता, घरी कोरडवाहू शेती आहे आणि तो गे आहे. हे शेवटचं मला कळून फार दिवस झालेले नाहीत.

२०२५ च्या सप्टेंबरात 'साबर बोंडं' लागला तेव्हा तो एकटाच एसटीने पुण्याला गेला, सिनेमा बघितला आणि रात्रीच्या गाडीने परत आला. घरी सांगितलं, इंटरव्ह्यू आहे. रोहन कानवडे यांचा हा मराठी सिनेमा. त्याला त्याच वर्षी अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. गोष्ट साधी आहे. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा आनंद गावी येतो, पाहुणेरावळे त्याच्यामागे लग्नाचं टुमणं लावतात आणि लहानपणीचा दोस्त बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. साबरीची बोंडं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. बांधावरची, लालबुंद, आत गोड आणि वरून बारीक कुसळं. हातात घुसली की दिसत नाहीत, नुसती टोचत राहतात.

परत आल्यावर स्टँडजवळच्या टपरीवर चहा पिताना त्याने मला सांगितलं. चहा निवून गेला तरी आम्ही दोघं कपाकडेच बघत होतो. मग तो म्हणाला, "पडद्यावर आपल्यासारखं बोलणारी माणसं अशी पहिल्यांदा बघितली गं." आणि थोड्या वेळाने, "कायदा बदलून सात वर्षं झाली म्हणतेत. कायदा बदलला म्हणून गाव बदलतंय व्हय? तू पेपरवाली हायस, तूच सांग, आमच्या हातात काय पडलं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. ३७७ कलम गेलं, प्राइडचे फोटो येतात, जूनमध्ये कंपन्या लोगो रंगीत करतात, एवढ्यावर माझं ज्ञान संपत होतं. म्हणून शोधायला बसले. आणि शोधता शोधता भलत्याच ठिकाणी पोचले : १९३४ सालच्या मुंबईच्या कोर्टात.

आरोपी कर्वे, वकील आंबेडकर

रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा उघड प्रचार आणि नोकरी या दोन्ही गोष्टी एकत्र चालेनात, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचक पत्रं पाठवून शरीराबद्दलचे, संबंधांबद्दलचे प्रश्न विचारायचे आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. आज इन्स्टावर 'आस्क मी एनीथिंग' टाकतात ना, तेच. फक्त शंभर वर्षांपूर्वी आणि तुरुंगाची भीती डोक्यावर घेऊन.

१९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला, शंभर रुपये दंड बसला. १९३४ मध्ये पुन्हा अटक. या वेळचा आक्षेप वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दल कुणीतरी विचारलं होतं आणि कर्व्यांनी उत्तर दिलं होतं. हा खटला कर्व्यांच्या बाजूने लढवायला उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर.

थोडा विचार करा. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकते होऊन गेलेत. बाबासाहेबांच्या पाठीवर अख्ख्या समाजाचं ओझं आहे. असला खटला घेतला तर विरोधकांच्या हाती आयतं कोलीत. तरी त्यांनी तो घेतला. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, ही त्यांची मांडणी. लोकांच्या मनात विकृत प्रश्न असतील तर ते छापायचे कशाला, असा मुद्दा कोर्टातून आला. विकृती दूर करायची तर ती ज्ञानानेच होईल, प्रश्न दाबून नाही, असं उत्तर त्यांनी दिलं. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाचे दाखले दिले. कुणाची ओढ जन्मतःच तशी असेल तर त्यात गैर काही नाही, आपल्याला योग्य वाटेल त्या मार्गाने सुख मिळवण्याचा त्याला हक्क आहे, इथपर्यंत ते गेले.

खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

हे वाचून मी खरंच चाट पडले. आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला १९४१ साली बाबासाहेब परिषदेसाठी आले होते, ते आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या सात वर्षं आधीची ही गोष्ट मात्र मला शाळेत, कॉलेजात, जयंतीच्या एकाही भाषणात ऐकल्याचं आठवत नाही. (अजित दळवी यांनी लिहिलेलं आणि अतुल पेठे यांनी बसवलेलं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक कर्व्यांच्या खटल्यांवरच आहे. कुठे मिळालं तर सोडू नका.) एक मात्र प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. तो खटला समलिंगी हक्कांसाठीचा नव्हता. तो प्रश्न विचारण्याच्या आणि त्याचं शास्त्रीय उत्तर मिळण्याच्या हक्काचा होता. पण माझ्या मित्राला शाळेत असताना जे हवं होतं, ते नेमकं हेच होतं. तो म्हणाला, "नववीत असताना मला वाटायचं जगात मी एकटाच असा आहे. विचारायचं कुणाला?"

वराडचे वराडकर

आता एकदम आयर्लंडला जाऊ, पण व्हाया मालवण.

मालवण तालुक्यात वराड नावाचं गाव आहे. तिथल्या घराण्यातले अशोक वराडकर डॉक्टर होऊन इंग्लंडला गेले, आयरिश नर्सशी लग्न केलं आणि डब्लिनला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ. जानेवारी २०१५ मध्ये, मंत्री असताना, आपल्या ३६ व्या वाढदिवशी लिओ वराडकर यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत आपण गे असल्याचं सांगितलं. जून २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले.

आयर्लंड म्हणजे काही फार पुढारलेला देश नव्हता. चर्चचा पगडा असा की घटस्फोटसुद्धा १९९५ च्या सार्वमतानंतर मिळायला लागला, तोही काठावरच्या बहुमताने. समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते. आणि गुन्हा ठरवणारा कायदा कुणाचा? इंग्रजांचाच. आपलं ३७७ आलं १८६० च्या भारतीय दंड संहितेत, त्यांचा कायदा १८६१ चा. एकाच टांकसाळीतली दोन नाणी.

तिथे लढला डेव्हिड नॉरिस नावाचा इंग्रजीचा प्राध्यापक. १९८३ मध्ये तो आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. मग युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि १९८८ मध्ये जिंकला. त्याच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन, ज्या पुढे देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. तरीही सरकारने कायदा बदलायला आणखी पाच वर्षं लावली.

मग २२ मे २०१५ ला आयर्लंडने समलिंगी विवाहाचा प्रश्न थेट जनतेपुढे ठेवला. जगात असं सार्वमत जिंकणारा हा पहिला देश. कार्यकर्ते दारोदार गेले. गे मुलांचे आईवडील, आजीआजोबा शेजाऱ्यांशी बोलले. परदेशात नोकरीला असलेली पोरं फक्त मत द्यायला विमानाने, बोटीने घरी आली. ६२ टक्के लोकांनी हो म्हटलं. मला यात सगळ्यात भारी काय वाटतं, तर कोर्टाने फक्त तुरुंगाचं दार उघडलं होतं. घराचं दार उघडायला बावीस वर्षं घरोघरी बोलावं लागलं.

डिसेंबर २०१९ मध्ये वराडकर कुटुंबासह वराडला आले. गावाने थाटात स्वागत केलं. मी तेव्हा अकरावीत होते. आमच्या घरीही टीव्हीवर ती बातमी बघून कौतुक झालं, 'आपला मराठी माणूस कुठं पोचला बघा' म्हणून. तो गे आहे, यावर घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. माहीत नव्हतं की माहीत असून गिळलं, कोण जाणे. पंतप्रधान झालेला पाहुणा असला की ते चालतं. आपल्या भावकीतला असला की नाही चालत.

एकाच नंबरचं कुलूप

३७७ हा आकडा फक्त आपला नव्हता. इंग्रज जिथे गेले तिथे ही संहिता घेऊन गेले. पाकिस्तान, बांगलादेश, म्यानमारमध्ये आजही कलम ३७७ याच नंबराने कायम आहे. मलेशियात आहे. श्रीलंकेत नंबर वेगळा, मजकूर तोच. सिंगापूरने आपलं ३७७ अ २०२२ मध्ये रद्द केलं. खुद्द इंग्लंडने मात्र १९५७ च्या वुल्फेंडन समितीच्या अहवालानंतर, १९६७ मध्ये, इंग्लंड आणि वेल्सपुरता हा गुन्हा काढून टाकला होता. म्हणजे ज्यांनी कुलूप लावलं ते आपलं दार उघडून मोकळे झाले आणि आपण 'ही आपली संस्कृती' म्हणत ते कुलूप पन्नास वर्षं जपत बसलो.

बाकीच्या जगाचा नकाशा सरळ रेषेत जात नाही. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ ला समलिंगी विवाह पहिल्यांदा कायदेशीर केला. पण लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही, हे राज्यघटनेतच लिहिण्याचा पहिला मान दक्षिण आफ्रिकेचा. वर्णभेदातून बाहेर पडलेल्या त्या देशाने विषमतेचा धडा फक्त एका रंगापुरता शिकला नाही. तिथे विवाह २००६ पासून कायदेशीर आहे. तैवानमध्ये ची चिया-वेई या कार्यकर्त्याने १९८६ मध्ये पहिल्यांदा लग्नाची परवानगी मागितली. त्याच्या बाजूने निकाल लागला २०१७ मध्ये. एकतीस वर्षं. नेपाळच्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच समान हक्कांचा निकाल दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग या डोंगरी जिल्ह्यातल्या ग्रामीण पालिकेत, कागदोपत्री दोघेही पुरुष असलेल्या जोडप्याचं लग्न नोंदलं गेलं (त्यांतली एक तृतीयपंथी स्त्री). काठमांडूत नाही, खेड्यात! थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून अशी लग्नं होतात. आज जवळपास ३८ देशांत हा हक्क आहे.

उलटी वाटही आहे. साठाहून अधिक देशांत हा अजून गुन्हा आहे. युगांडाने २०२३ मध्ये नवा कायदा केला, त्यात काही प्रकारांना थेट मृत्युदंड ठेवला. म्हणजे काळ पुढे गेला की हक्क आपोआप येतात, असं काही नाही.

आपल्याकडे काय झालं

महाराष्ट्रात या विषयाला वाचा फोडणाऱ्यांत अशोक राव कवी यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. १९९० मध्ये त्यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि मुख्य म्हणजे मराठीत, साध्या भाषेत पुस्तकं लिहिली. इंग्रजी न येणाऱ्या पोराला आपल्याबद्दलचा शब्द आपल्या भाषेत मिळणं ही छोटी गोष्ट नाही. माझ्या मित्राला शिवीशिवाय दुसरा शब्दच माहीत नव्हता.

कोर्टातली लढाई थोडक्यात. नाझ फाउंडेशनची याचिका २००१ ची. २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टाने ३७७ चा हा भाग घटनाबाह्य ठरवला. त्या निकालात 'संविधानिक नैतिकता' हा शब्द मध्यवर्ती आहे आणि तो आलाय डॉ. आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणातून. तिथे संदर्भ वेगळा होता. पण चार लोक काय म्हणतात ही नैतिकता वेगळी आणि राज्यघटना जी जोपासायला सांगते ती वेगळी, हा फरक न्यायाधीशांनी त्यातून उचलला. १९३४ चा हरलेला वकील असा पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा कोर्टात आला, असं मला उगाच वाटून गेलं.

११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. एक कारण असं दिलं की असे लोक संख्येने अगदी थोडे आहेत. म्हणजे हक्क मिळायलाही गर्दी जमवावी लागणार? २०१७ च्या खासगीपणाच्या निकालाने हा तर्क मोडीत काढला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. २०२४ च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ हे कलमच उरलं नाही. त्यात एक घोळ झालाय. पुरुषावर जबरदस्ती झाली तर आधी याच कलमाखाली गुन्हा नोंदता यायचा, तोही आधार गेला.

लग्नाचं गाडं मात्र अडलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा संसदेने करावा. यावर पाचही न्यायमूर्ती एक होते. अशा जोडप्याच्या नात्याला निदान नागरी मान्यता द्यावी आणि मूल दत्तक घेऊ द्यावं, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांचं मत होतं, पण तिघांनी नाही म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

या याचिका मुख्यतः १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर होत्या. तोच कायदा, ज्याखाली आपल्याकडे आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडपी लग्न करतात आणि ज्यात तीस दिवस आधी नोटीस फलकावर लागते. हे मित्राला सांगितलं तर तो हसलाच. "उद्या कायदा झाला तरी तो फळा आमच्या भावकीच्या नजरेतून सुटंल का?" आंतरजातीय लग्न करणाऱ्या कुठल्याही जोडप्याला विचारा, हाच प्रश्न त्यांचाही असतो.

मग हातात काय?

मी वहीत लिहून नेलं होतं. टपरी तीच.

एक म्हणजे, तू गुन्हेगार नाहीस. हे ऐकायला पुस्तकी वाटतं, पण त्याच्यासाठी नाही. दोन वर्षांपूर्वी एका डेटिंग ॲपवरून ओळख झालेल्या माणसाने त्याला एका शहरात भेटायला बोलावलं. तिथे तिघं होते. फोन हिसकावला, फोटो काढले, घरी पाठवू म्हणून धमकावलं आणि पैसे उकळले. त्याने तक्रार केली नाही. त्याला वाटत होतं, आपल्यालाच आत टाकतील. २०१८ नंतर तसं नाही. ही सरळ सरळ खंडणी आहे, तो फिर्यादी आहे, ते आरोपी. "पण हवालदार शेजारच्या गावचा निघाला तर?" तो म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं, कॉलेजातल्या पोरांसाठी. यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियम बदलले. लैंगिक कलावरून चिडवणं, वाळीत टाकणं हेही आता रॅगिंगमध्ये धरलं जातं. प्रवेश घेताना आपण ते प्रतिज्ञापत्र न वाचता सही करतो, त्यामागचे नियम एकदा वाचून बघा. 'बायल्या' म्हणून हॉस्टेलवर कुणाचा खेळ करणं ही गंमत नाही.

तिसरं, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 'बरं करून देतो' म्हणणारा डॉक्टर आपल्याकडे २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तन करतोय, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलंय. बाबा-बुवांना मात्र आयोग नसतो.

आणि चौथं, बारीकसारीक पण कामाचं. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही. रेशन कार्डावर एका घरातले म्हणून धरावं, अशाही सूचना निघाल्या. यातलं किती आपल्या तालुक्याच्या शाखेतल्या खिडकीपर्यंत पोचलंय, ते तिथे जाऊन विचारलं तरच कळेल. विचारणार कोण, हाच प्रश्न आहे.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "येरमाळ्याला यात्रेत साडी नेसलेला आराधी दिसला की आमची आई पाया पडती. मी खरं सांगितलं तर जेवण बंद करंल." (आराधी असणं आणि गे असणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी, हे आम्हा दोघांनाही कळतं. पण त्याचा मुद्दा त्यापलीकडचा होता.)

त्याच्या घरी मुलगी बघणं सुरू होतं. दिवाळीनंतर बार उडवायचा, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात त्याच सप्टेंबरात परांडा, भूमकडे नद्या फुटल्या, जिल्ह्यात शेतं वाहून गेली. त्यांचंही सोयाबीन गेलं. घरात चूल पेटवायचा प्रश्न, लग्नाचा विषय आपोआप मागे पडला. "आबा बांधावर बसून रडत होते," तो म्हणाला, "आणि मला आतून सुटल्यासारखं वाटलं. त्याची इतकी लाज वाटली की दोन दिवस जेवण गेलं नाही."

मी त्याला विचारलं, आणि त्या मुलीचं काय? जी कुणी असेल ती. तिला न सांगता तू बोहल्यावर चढला असतास? तो गप्प बसला. कोर्टाच्या कुठल्याच निकालात मला त्या मुलीबद्दल ओळ सापडली नव्हती. खोट्या लग्नात दोघं अडकतात आणि तिला तर कारणसुद्धा माहीत नसतं.

परवा त्याचा मेसेज आला. पाहुण्यांकडून पुन्हा विचारणा झालीय. त्याची थोरली बहीण बार्शीला दिली आहे, तिला भेटायला रविवारी एकटाच जाणार म्हणाला. सोबत काय नेणार विचारलं, तर म्हणाला, तू वहीत लिहिलेली ती पानं फाडून दे.

मी फाडून दिली. रविवारी रात्री त्याचा फोन लागला नाही. सोमवारी सकाळी फक्त एक फोटो आला : बार्शीच्या घरी बहिणीने वाढलेलं ताट, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. खाली काही लिहिलेलं नव्हतं.